गिराणमास्तरांची बारा मिनिटं

निपाणीत बाळगोंडा पाटलांना नावानं ओळखणारी माणसं दोनच, पोस्टमन आणि बँकेतला कारकून. बाकी सगळ्यांना ते गिराणमास्तर. हायस्कुलात त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यात उष्णता, ध्वनी, चुंबकत्व असं पुष्कळ काही होतं, पण गावानं लक्षात ठेवलं ते ग्रहण, गावच्या बोलीत गिराण. दर ग्रहणाला मास्तर मुलांना मैदानावर गोळा करत आणि ऐन ग्रहणात सगळ्यांदेखत केळं खात. सुरुवातीला लोक मास्तरांना काय होतंय ते बघायला येत. काहीच होत नाही म्हटल्यावर यायचे बंद झाले. मास्तर केळं खात राहिले.

या सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो पंच्याण्णव साली, दिवाळीतल्या सूर्यग्रहणाला. शाळेचा शिपाई शामू, त्याची बायको अक्काताई सहा महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर पोराचा ओठ चिरतो, असं गाव म्हणत होतं. मास्तरांनी अक्काताईला मैदानात खुर्चीवर बसवलं, हातात विळी दिली आणि दीडशे पोरांसमोर काकडी चिरायला लावली. शामू शिपाई, मास्तर मास्तर. नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. अक्काताईनं काकडी चिरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची बायको कांताही तेव्हा पोटुशी होती, पण ती दिवाळीसाठी माहेरी संकेश्वरला गेलेली होती.

जानेवारीत अक्काताईला मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

असा ओठ सातशे मुलांत एकाचा असतो. त्याचा काकडीशी संबंध नाही आणि सूर्याशी तर नाहीच. हे मास्तरांनी अक्काताईला सांगितलं, शामूला सांगितलं, गावाला सांगितलं. बेळगावात दोन ऑपरेशनं झाली, तेव्हा मास्तर दोन्ही वेळा दवाखान्याच्या बाकावर बसून होते. मुलीचं नाव रूपाली ठेवलं. पुढं ती त्यांच्याच वर्गात आली. ग्रहणाचा धडा आला की मास्तर तिला उभी करत आणि म्हणत, “हिच्याकडं बघा. हिच्या ओठाचा आणि ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही.” सगळा वर्ग तिच्या ओठाकडं बघे. आठवीत एकदा, नववीत एकदा आणि दहावीत उजळणीच्या वेळी. मास्तरांच्या मते हा तिचा सन्मान होता.

आता ती तीस वर्षांची होती. ओठावर एक पांढरी बारीक रेघ उरली होती आणि स्टँडच्या मागं तिचं दुकान होतं. लग्नाचं लाईव्ह करणं हा तिचा धंदा. दुबईतल्या काकाला इकडच्या अक्षता दिसाव्यात म्हणून लोक तिला बोलवत. जगभर ग्रहण दाखवायचं ठरलं तेव्हा मास्तरांना दुसरं नाव सुचण्याचं कारण नव्हतं.

ते ठरलं असं. हौशी आकाश बघणाऱ्यांचा एक जागतिक गट होता. यंदाच्या मार्चमधलं चंद्रग्रहण त्यांनी देशोदेशी पुढं पुढं सरकवत थेट दाखवायचं ठरवलं. मास्तरांनी मागच्या ग्रहणाला ढगांतून काढलेला एक फोटो त्यांना पाठवला होता. त्यावरनं आमंत्रण आलं. अडचण एवढीच होती की तीन तारखेचं खग्रास आपल्याकडं दिसणारच नव्हतं. ते दुपारनंतर घडणार आणि चंद्र त्या वेळी क्षितिजाखाली. तो उगवणार साडेसहाच्या पुढं, ग्रहण सुटणार पावणेसातला. म्हणजे निपाणीच्या वाट्याला बारा मिनिटं, तीही उसाच्या फडातनं वर येणाऱ्या, पाचटाच्या धुरातल्या चंद्राची. पण ग्रहण जिथं सुटताना दिसतं ते जगाचं शेवटचं टोक आपण आहोत, असं मास्तरांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं आणि तीन वेळा दुरुस्त केलं.

बारा मिनिटांत नुसता चंद्र दाखवून जगाला काय शिकवणार? मास्तरांनी प्रयोग ठरवला. सून प्रणिताला सातवा महिना होता. ती बेळगावची, शिकलेली, सासऱ्यांना आप्पा म्हणणारी आणि त्यांच्या केळ्यांच्या गोष्टी आवडीनं ऐकणारी. मुलगा श्रेयांस बंगळुरात नोकरीला, तो म्हणाला, “तिला चालत असेल तर करा.” तिला चालत होतं. ऐन ग्रहणात ती कॅमेऱ्यासमोर चिरणार, आणि सून-सासरा दोघं खाणार.

“काय चिरायचं?” रूपालीनं विचारलं. ती वायरी मोजत होती.

“काकडी.”

“परत काकडीच का, सर?”

मास्तर म्हणाले, “बरं, पेरू.”

घरात कांताबाईंचा वेगळाच पेच होता. त्या सूर्यास्तानंतर जेवत नसत. ग्रहणात खायचं नाही, हेही त्यांच्या आईनं शिकवलेलं. त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत ग्रहण होतं आणि ग्रहण सुटेपर्यंत सूर्यास्त झालेला. दोन्ही पाळायचं तर संध्याकाळचं जेवणच नाही. त्यांनी दुपारी बाराला भाकरी खाल्ली, पाणी पिऊन घेतलं आणि दार लावून जपाला बसल्या. जाता जाता प्रणिताला म्हणाल्या, “तुझं तू बघ गं. माझं काय, मी अडाणी.”

“अडाणी कशाला म्हणताय, बीएला संस्कृत होतं की तुम्हाला,” मास्तर म्हणाले.

“म्हणूनच दार लावतीया,” त्या म्हणाल्या.

सहाला गच्चीवर सगळं सज्ज होतं. दुर्बिणीला एक कॅमेरा, टेबलाला दुसरा. टेबलावर पेरू, सुरी आणि ताट. मास्तरांनी कोट घातला होता. पडद्यावर ऑस्ट्रेलियातली एक हसरी बाई सूत्रं सांभाळत होती. तिच्या नावाखाली बघणाऱ्यांचा आकडा होता, अकरा हजार चारशे. त्यातले ऐंशी-नव्वद निपाणी-चिक्कोडीचे, मास्तरांनी ग्रुपवर दोन दिवस दुवा टाकल्यामुळं आलेले.

सहा चौतीसला बाईनं आपल्याकडचा चंद्र बंद केला आणि म्हणाली, आता आपण भारतात जाऊया. पूर्वेला नुसता धूर. सहा सदतीसला धुरात एक लाल डाग उमटला. मग तो वर आला आणि डाव्या अंगाला कुरतडलेला दिसला. मास्तर इंग्रजीत बोलायला लागले. पृथ्वीची सावली, तिचा गोल काठ, लाल रंग का दिसतो ते. छान बोलत होते. वर्गात बोलत तसंच, शेवटचा बाक जागा आहे असं समजून.

“आणि आता,” ते म्हणाले, “माझी सून तुम्हाला एक साधी गोष्ट दाखवील.”

रूपालीनं टेबलाचा कॅमेरा लावला. प्रणितानं हसून नमस्कार केला, खुर्ची जरा मागं सारली कारण पोट टेबलाला लागत होतं, पेरू डाव्या हातात धरला आणि सुरी उचलली. तिच्या मागं तो कुरतडलेला लाल चंद्र होता. सुरीचं पातं पेरूला टेकलं.

त्या क्षणी मास्तरांना काय झालं ते त्यांना पुढंही नीट सांगता आलं नाही. सातशेत एक, हा आकडा त्यांना आठवला, एवढं खरं. तो आकडा त्यांनी तीस वर्षं धीर द्यायला वापरला होता. आता तो दुसऱ्या बाजूनं दिसला.

निपाणीची माणसं कोल्हापुरात साड्या घ्यायला गेली की मराठीत साडी बघतात आणि कानडीत भाव ठरवतात, दुकानदाराला कळू नये म्हणून. ही खोड हाडात मुरलेली असते. मास्तरांनी तोंड कॅमेऱ्याकडनं वळवलं आणि हळूच कानडीत म्हणाले, “चाकू केळग इडु. वळग होगवा, ग्रहण ऐति.” सुरी खाली ठेव. आत जा बाई, ग्रहण आहे.

प्रणिताला थट्टा वाटली. ती हसली आणि सुरी दाबायला लागली. मास्तरांनी पुढं होऊन तिच्या हातातली सुरी काढून घेतली. जवळजवळ हिसकावलीच. पेरू टेबलावरनं घरंगळत खाली गेला.

माइक कोटालाच लावलेला होता. तोंड कुठंही वळवलं तरी कोट बरोबर येतो. आणि समोरचा दुकानदार कोल्हापूरचा नव्हता. ऐंशी-नव्वद जणांना कानडी येत होती. तीन हातांवर उभ्या असलेल्या रूपालीलाही येत होती.

ऑस्ट्रेलियातल्या बाईनं विचारलं, काय झालं?

“ती दमली आहे,” मास्तर इंग्रजीत म्हणाले. “मी तिला विश्रांती घ्यायला सांगितलं.”

किती काळजी करणारे सासरे, असं बाई म्हणाली. पडद्यावर लाल बदामांचा पूर आला. ब्राझीलमधल्या एकानं लिहिलं की माझेही वडील असेच होते. मास्तरांनी खाली पडलेला पेरू उचलला, कोटाला पुसला, स्वतः चिरला आणि एक फोड खाल्ली. सहा सत्तेचाळीसला चंद्र पुरता सुटला. जगानं टाळ्या वाजवल्या. खाली कुणाच्या तरी दारात एक बाई ओरडून गेली, दे दान, सुटं गिऱ्हाण.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर साडेसात वाजेपर्यंत सामसूम होती. मग कुणीतरी काकडीचं चित्र टाकलं. नुसतं चित्र, एक शब्द नाही. त्याखाली अकरा जणांनी अंगठे दाखवले.

रूपाली वायरी गुंडाळत होती. कोपरापासून पंज्यापर्यंत, पंज्यापासून कोपरापर्यंत, एकसारख्या. मास्तर तिच्याकडं न बघता खुर्च्या एकात एक घालत होते.

“रूपाली.”

“सर.”

“हे रेकॉर्ड झालंय?”

“झालंय की. ते लोक परवा कायमचं लावणारेत साईटवर. आपल्याकडची फाईल आपण पाठवायची.”

“त्यातला थोडा भाग काढता येतोय?”

“येतोय. लग्नात मामा पिऊन नाचलेला काढतोच की आम्ही.” वायर संपली. तिनं टोक आत खोचलं. “काय म्हणून काढू?”

“आवाज नीट नव्हता म्हण.”

“आवाज चांगला होता, सर,” रूपाली म्हणाली. “तरी काढतो.” मग बॅगेची चेन लावताना सहज म्हणाली, “आईनं बघितलंय. तिला लाईव्हच लावून दिलतं.”

रात्री प्रणिता पाण्याचा तांब्या घेऊन मास्तरांच्या खोलीत आली आणि दारातच थांबली. “आप्पा, एक विचारू? मला सुरी धरताना काही वाटत नव्हतं. तुम्ही घेतलीत, तेव्हापासनं वाटतंय. मघाशी भाजी चिरायला घेतली आणि हात थांबला. ग्रहण सुटून दोन तास झाले होते.” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “आता ही भीती कधी जाईल, ते पण तुम्हीच सांगा,” ती म्हणाली आणि तांब्या ठेवून गेली.

भीती घालवायला त्यांनी पस्तीस वर्षं घेतली होती. घालायला सात शब्द पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अक्काताईकडं गेले. काय बोलायचं ते चालता चालता तयार केलं होतं. माणूस म्हातारा झाला की मन हळवं होतं. पण त्यानं विज्ञान खोटं ठरत नाही. दोन वाक्यं होती आणि दोन्ही खरी होती. शामू जाऊन सहा वर्षं झाली होती. अक्काताई ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होती. तिनं पोतं सरकवून दिलं. मास्तर बसले.

“चहा टाकू?”

“नको.”

“लई झ्याक दिसला चंद्र,” ती म्हणाली. “मला वाटलं त्यो बी बाळंतीण झालाय, एवढा लाल.”

मास्तरांनी घसा साफ केला. “अक्काताई, तुम्ही काल ते ऐकलं. तर माझं म्हणणं एवढंच, की रूपालीच्या ओठाचा आणि त्या काकडीचा—”

“संबंध न्हाय,” ती म्हणाली. “सातशेत एक. पाठ हाय मला. सासू मरंस्तवर मला काकडी म्हणून हाक मारायची, तिला बी मी हेच सांगत हुते. सर म्हंत्यात म्हंजे खरं. म्या मानलं. आज बी मानते.” देठ खुडायचं काम थांबलं नव्हतं. “मग काल चाकू का वढलासा?”

मास्तरांनी खाली पडलेली एक मिरची उचलून सुपात टाकली.

“म्या काय भांडत न्हाय. सुनंची काळजी वाटली, वाटू दे की. मला दुसरंच इचारायचं हाय. तवा कांताबाई कुठं हुत्या?”

“संकेश्वरला. दिवाळीला माहेरी.”

“दिवाळीला बायका पाडवा झाल्यावर जात्यात, सर. तुम्ही वसुबारसंलाच सोडून आलतासा. आमच्या ह्यांनीच बॅग एस्टीत चढवलती. तुम्ही ह्यांना म्हणालतासा, तिकडं गुळाच्या खोलीला खिडकी न्हाय, तिथं बरं पडंल.”

मिरचीचा खकाणा नाकात गेला म्हणून मास्तरांनी रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडापुढं धरला. सगळं खरं होतं. सासूबाईंनी निरोप पाठवला होता आणि ते निमूटपणे जाऊन कांताला सोडून आले होते. सासूबाईंचं मन राखायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि तीस वर्षांत इतक्या वेळा सांगितलं होतं की ते पाठ झालं होतं. ग्रहणाच्या सकाळी सात ते दहा कांता त्या बिनखिडकीच्या खोलीत हातपाय सरळ करून पडून राहिली. त्याच वेळी इकडं मैदानात अक्काताईच्या हातात विळी होती. डिसेंबरात श्रेयांस झाला. त्याच्या ओठाकडं सुइणीच्याही आधी मास्तरांनी पाहिलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” ते शेवटी म्हणाले.

“पहिल्यापासनं.”

“मग बोलला कसं नाही?”

“ह्यांची नोकरी हुती,” अक्काताई म्हणाली. “मग पोरीची शाळा. मग तुमचं वय झालं.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “मी काय मागत न्हाय तुमच्यापाशी. पण तिला सांगा. आठवीत तुम्ही तिला हुभी केलती, तवा घरी येऊन म्हणाली, आई, मी पुरावा हाय. सर म्हणाले. चार दिवस मिरवत हुती. कशाचा पुरावा, ते पुरतं सांगा तिला. आमच्या तोंडनं नको.”

मास्तर उठले तेव्हा तिनं “सावकाश जावा” म्हटलं, जसं नेहमी म्हणत असे.

दुकान स्टँडच्या मागं होतं आणि वाट दहा मिनिटांची. मास्तरांना चाळीस लागली. वाटेत दोन माजी विद्यार्थी भेटले. दोघांनी नमस्कार केला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून.

रूपाली कानाला हेडफोन लावून कुणाचा तरी हळदीचा कार्यक्रम कापत होती. मास्तरांना बघून तिनं तो थांबवला. पडद्यावर नवरी तोंड उघडं ठेवून थिजली.

“त्या बाईंचं मेल आलंय, सर. फाईल कधी पाठवताय विचारत्यात. आणि मधे तुम्ही दोन वाक्यं दुसऱ्या भाषेत बोललाय, त्यांचा इंग्रजी अर्थ पाहिजे म्हणत्यात, खाली लिहायला. मी म्हटलं, तो भाग खराब झालाय. कापून ठेवलाय मी. बघताय?”

“परत घाल तो,” मास्तर म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग हळदीची नवरी बाजूला गेली आणि पडद्यावर गच्ची आली. कोट घातलेला एक म्हातारा तोंड वळवून काहीतरी चोरून बोलत होता. आवाज खरोखरच चांगला होता.

“अर्थ काय लिहू?”

“आहे तो. सुरी खाली ठेव. आत जा, ग्रहण आहे.”

रूपालीनं टाईप केलं. दोन्ही हातांनी, भरभर. वाक्य म्हाताऱ्याच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत उमटलं आणि त्यानं सुरी हिसकावेपर्यंत, चार सेकंद, तिथंच राहिलं. तिनं मागं घेऊन पुन्हा चालवलं. बरोबर बसत होतं.

“रूपाली, अजून एक आहे.”

“बोला की.”

मास्तर उभेच होते. दुकानात स्टूल होतं, पण ते बसले नाहीत. वर्गात ज्याला उभं केलं जातं तो बसत नाही. “पंच्याण्णवला तुझ्या आईला मी काकडी चिरायला बसवलं, तेव्हा आमच्या घरीही दिवस गेलेले होते. तिला मी संकेश्वरला नेऊन ठेवलं होतं. अंधाऱ्या खोलीत. ग्रहण लागू नये म्हणून. सासूनं सांगितलं म्हणून नव्हे, मलाच धीर नव्हता. आणि नंतर तुला तीन वेळा वर्गात उभं केलं. ओठाचा संबंध नाही, ते खरंच आहे. पण मला ते खरं वाटत नव्हतं, आणि उभी तू होतीस.”

रूपालीचा हात माऊसवर होता. तिनं डोळे पडद्यावरनं हलवले नाहीत. वरच्या ओठावरची पांढरी रेघ जरा ताणली गेली आणि पुन्हा सैल झाली. बाहेर चिक्कोडीची गाडी लागली होती आणि कंडक्टर कानडीत गावांची नावं ओरडत होता.

“हे पण खाली लिहायचं?” तिनं विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

तिनं त्या वाक्यापुढं जागा किती उरलीय ते पाहिलं. धंद्यातल्या सवयीनं पाहिलं असावं.

“चार सेकंदात एवढं बसत न्हाय, सर,” ती म्हणाली, आणि फाईल पाठवून दिली.